सोनमाखीची धिंड

एका राज्यात एक डोंगर होता. राज्याचे नाव सांगणाऱ्यांनी सांगितले नाही, डोंगराचे मात्र सांगितले: शेंदूरमाथा. त्याचा माथा तांबडा होता. पोटात पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या दगडाच्या, लांबच लांब शिरा होत्या, आणि त्या शिरांत सोने होते. राज्याच्या तीन पिढ्या त्या सोन्यावर जेवल्या.

पहिल्या पिढीने माथा खणला. तिथल्या तांबड्या, भोकाभोकांच्या दगडात सोन्याचे कण उघडेच बसलेले असत. दगड फोडावा, काठवटीत धुवावा, सोने घरी न्यावे. दुसरी पिढी खाली उतरली, तेव्हा तांबडा दगड संपला आणि घट्ट पांढरी गार लागली. तिसरी पिढी आणखी खाली गेली, तेव्हा गारेत सोने दिसेनासे झाले आणि त्याच्या जागी दिसू लागली सोनमाखी.

सोनमाखी पितळेसारखी पिवळी आणि आरशासारखी चकचकीत. लांबून पाहणारा फसतोच. पण हातोडी मारली तर सोने चपटे होते, सोनमाखी फुटते. कसोटीच्या काळ्या दगडावर घासली तर सोन्याची रेघ पिवळी उमटते, सोनमाखीची काळी. लोकांनी विचार केला: वर सोने होते, खाली ही बसली आहे, तेव्हा हिनेच सोने खाल्ले असले पाहिजे. विचार चुकीचा होता, पण सुटसुटीत होता, आणि सुटसुटीत विचार राज्यात लवकर पसरतो.

तेव्हा राजा कनकध्वजाच्या आजोबांनी प्रथा घातली. दर वर्षी सुगी संपली की खाणीतून निघालेल्या सगळ्या सोनमाखीची धिंड काढायची. गोणी गाढवांवर लादायच्या, गाढवांच्या गळ्यात जुन्या वहाणांच्या माळा घालायच्या, पुढे ढोलताशे. डोंगराच्या पायथ्याशी एक खड्डा होता, त्याला ठकीचा खड्डा म्हणत. तिथे राजपारख्याने एक ढेकूळ कसोटीवर घासायचे, काळी रेघ सर्वांना दाखवायची आणि तीनदा म्हणायचे, "खोटी." मग राजपारख्याच्या बायकोने केरसुणीचा पहिला फटका मारायचा, गोणी खड्ड्यात रित्या करायच्या, आणि सगळ्यांनी घरी जाऊन गुळाच्या पोळ्या खायच्या.

कनकध्वजाच्या वेळी राजपारखी होता सिदोजी. साठी उलटलेला, वाकलेला, विद्वान माणूस. धातूंवरच्या सात पोथ्या त्याला पाठ होत्या, आणि त्या सातही एकमेकींना खोटे पाडतात हेही पाठ होते. त्यामुळे तो कुठलीही वस्तू कसोटीवर तीनदा घासत असे, आणि तिसऱ्यांदा घासूनही "बहुधा" म्हणत असे. राजा या "बहुधा"ला कंटाळला होता.

सिदोजीची बायको चिमाक्का. ती "बहुधा" कधीच म्हणत नसे.

त्या वर्षीही धिंड निघाली. सिदोजीने ढेकूळ तीनदा घासले. तीनदा काळी रेघ उमटली. तो म्हणाला, "खोटी, खोटी, बहुधा खोटी." लोक हसले. चिमाक्काने पदर खोचला, केरसुणी उचलली आणि सणसणीत फटका मारून म्हणाली, "ना आई ना बाप, दिसेल तिथं चकाकायला तेवढी पुढं. जा, पड खड्ड्यात." लोक पुन्हा हसले.

तेवढ्यात खड्ड्यातून एक बाई वर आली. तिचे केस पांढरे होते आणि डोळे स्फटिकाचे; त्यांतून मागचा डोंगर दिसत होता. ती गारजोगीण. डोंगराची राखण तिच्याकडे आहे हे सर्वांनी ऐकले होते, पाहिले कुणी नव्हते.

"अगं बाई, बाजूला हो," चिमाक्का म्हणाली. "केरसुणी लागेल."

जोगिणीने तिच्याकडे पाहिले नाही. ती राजाला म्हणाली, "राजा, माझ्या डोंगराची लेक तू गाढवावर बसवलीस. तुझ्या आजानं बसवली, बापानं बसवली. मला वाटलं, कंटाळाल. तुम्ही कंटाळला नाहीत. मग आता मी कंटाळले."

तिने बोट उचलले. चिमाक्काची पावले गारेची झाली, पांढरी, थंड, जमिनीत रुतलेली.

"जिचा हात पहिला, तिचे पाय पहिले," जोगीण म्हणाली. "दर दिवशी एक वीत गार चढेल. सातव्या दिवशी सूर्य माथ्यावर आला की डोळ्यांचीही गार होईल. ते झालं की उपाय नाही."

"आणि त्याआधी?" सिदोजीने विचारले.

"त्याआधी तीन कामं. ज्यानं खोटी म्हटलं त्यानंच करायची. तिचा जन्म कसा झाला ते ऐकून ये. तिची धिंड काढलीस, आता तिची संमती आण. आणि तुम्ही फेकलेलं सोनं माझ्या तळहातावर ठेव."

"आम्ही सोनं कधीच फेकलं नाही," राजा म्हणाला.

"मग तुमची चिमाक्का माझ्या अंगणात शोभून दिसेल," जोगीण म्हणाली आणि खड्ड्यात उतरून दिसेनाशी झाली.

राजाने दुसऱ्या दिवशी खजिन्यातले एक ताट भरून सोने खड्ड्याशी पाठवले. जोगीण आली नाही. तिचा पक्षी आला, लांब शेपटीचा टकाचोर. त्याने ताटावर चोच आपटली आणि म्हणाला, "हे तुम्ही ठेवलेलं. मालकिणीनं फेकलेलं मागितलंय." मग तो चिमाक्कावर घातलेल्या मांडवाच्या दांडीवर बसला. गार तिच्या गुडघ्याला लागली होती. ती तिथूनच शेजारणीला सांगत होती की घरातली डाळ उन्हात घाल, नाहीतर किडे होतील.

"मेल्या टकाचोरा, तू इथं काय करतोस?"

"काकू, मला त्या नावानं हाक मारू नका. आमच्यातल्या कुणीही आजवर एक टका चोरला नाही. एका आत्येनं चोरला होता, पण तो तांब्याचा निघाला."

"बरं. मग काम कर काही. आमच्या ह्यांना डोंगराची वाट दाखव. ते नाक्यावरून घरी येतानाही दोनदा विचारतात."

तिसऱ्या दिवशी सिदोजी निघाला. पुढे पक्षी, मागे तो, कमरेला कसोटीचा दगड. डोंगराच्या पोटात एक भेग होती, आणि भेगेतून गरम वाफ येत होती. तोंडाशी एक घोरपड बसली होती. ती डोंगराएवढी म्हातारी होती आणि बैलगाडीएवढी मोठी. तिच्या दोन्ही बाजूंना गारेचे पुतळे उभे होते: एक व्यापारी, दोन शिपाई, एक शास्त्री, आणि आणखी काही जण, ज्यांची संख्या नक्की सांगता येत नाही. सगळ्यांची तोंडे अर्धवट उघडी होती.

"हे कोण?" सिदोजीने हळूच विचारले.

"उत्तर देणारे," पक्षी म्हणाला.

घोरपडीने जिभेने एक ढेकूळ पुढे ढकलले. पांढऱ्या गारेत रुतलेली, मळकट पिवळी सोनमाखी. "पारख्या," ती म्हणाली, "हिच्यात खरं आहे की खोटं? एका शब्दात सांग."

सिदोजीने ढेकूळ उचलले. कसोटीवर घासले. काळी रेघ. फिरवून घासले. काळी. तिसऱ्यांदा घासले. काळी. शास्त्र्याचा पुतळा त्याच्याकडे पाहत होता.

"काळी रेघ येते आहे," तो म्हणाला. "पण रेघ वरच्या अंगाची येते. आत काय आहे ते रेघेला कळत नाही, आणि मलाही नाही. माफ करा. मला एका शब्दात येत नाही."

घोरपडीने जीभ आत घेतली. मग बाजूला सरकली.

"शंभर वर्षांत असं उत्तर मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "शास्त्रीबुवा 'खोटं' म्हणाले. व्यापारी 'खरं' म्हणाला. आत ये. पाय सांभाळ, पाणी कढत आहे."

भेगेच्या तळाशी एक झरा उकळत होता. घोरपड त्याच्या काठावर बसून सांगू लागली, आणि तिने सांगितले ते असे.

"डोंगर कोवळा होता तेव्हा त्याचं अंग तडकलं. तडकेतून खालचं कढत पाणी वर आलं. त्या पाण्यात तिघं भावंडं विरघळलेली होती. पाणी निवू लागलं तशी थोरली बहीण गार आधी घट्ट झाली. तिनं दोन्ही भिंती धरल्या आणि म्हणाली, मी उभी आहे, या. मग धाकटी बहीण आली, सोनमाखी. तिनं लोखंड आणि गंधक एकत्र करून अंग धरलं. शेवटचं उरलं तान्हं, सोनं. ते इतकं थोडं होतं, इतकं बारीक, की पाण्याबरोबर वाहून गेलं असतं. सोनमाखीनं त्याला उचललं आणि कडेवर घेतलं. कधी कुशीत दडवलं, कधी अंगाला भेग पडली तर त्या भेगेत ठेवलं. इतकं आत, की बाहेरून डोळ्यांना दिसू नये."

"म्हणजे तिनं सोनं खाल्लं नाही," सिदोजी म्हणाला.

"खाल्लं नाही. सांभाळलं."

"मग वर माथ्यावर सोनं उघडं कसं होतं? तिथं तर ही नव्हती."

घोरपडीला प्रश्न आवडला. "वर तिच्या आज्या होत्या. हजारो पावसाळे त्यांच्या अंगावर पडले. त्या गंजल्या, तांबड्या झाल्या, त्यांची माती झाली. माथा तांबडा आहे तो त्यांच्यामुळे. गारेत भोकं पडली ती त्यांची रिकामी घरं. आणि कडेवरची पोरं तिथंच उघडी राहिली. तुमच्या खापरपणज्यांनी ती नुसती वेचली, आणि त्यांना वाटलं आपण फार हुशार आहोत."

आपण खड्ड्यात किती वर्षे काय टाकत आलो, याचा सिदोजीने अंदाज केला, आणि तो त्याला सहन होईना.

"सगळ्यांच्या कडेवर असतं?" त्याने विचारले.

"नाही. पुष्कळ जणी रिकाम्या असतात. आरशासारख्या, फाशांसारख्या चौकोनी असतात ना, त्या नुसत्याच नटतात. मळकट, वाकड्यातिकड्या, बारीक दाण्यांच्या असतात त्यांना विचार. आणि ऐक. गार हातोडीला वाट देते. सोनमाखी आगीला. सोनं पाण्याला. पण सोनमाखीला आगीत घालायचं तर तिला विचारून."

पक्षी तेवढ्यात खाली एक फेरी मारून आला होता. "काकूंच्या मांड्या गेल्या," तो म्हणाला. "निरोप आहे की कोटाची वरची गुंडी लावा, डोंगरावर वारा असतो."

चौथ्या दिवशी सिदोजी ठकीच्या खड्ड्यात उतरला. तो उतरताच ढेकळांचा एकच गलका झाला.

"हाच तो, तीनदा घासणारा."

"माझा कोपरा अजून दुखतो."

"वहाणांची माळ कुणाची कल्पना होती? नाव सांग."

चौकोनी, चकचकीत ढेकळे पुढे पुढे करू लागली. "आम्हाला ने, आम्हाला बघ, आमची धार बघ." सिदोजीने त्यांना हात जोडले आणि मागे गेला. सर्वांत खाली, चिखलात, एक मळकट, मूठभर ढेकूळ होते, अर्धे गार, अर्धी सोनमाखी. ते ओरडत नव्हते. तीन दिवसांपूर्वी त्यानेच घासलेले, चिमाक्काने फटका मारलेले.

सिदोजी चिखलात बसला. "बाई," तो म्हणाला, "मी सात पोथ्या वाचल्या आणि तुला चुकीचं ओळखलं. तुझ्या कडेवर जे आहे ते मला हवं आहे. त्यासाठी तुला जाळावं लागेल. मागायला लाज वाटते."

"जळायची मला भीती नाही," सोनमाखी म्हणाली. तिचा आवाज जाड होता, गावच्या थकलेल्या बाईसारखा. "जळून मी मरणार नाही. तांबडी होईन. आज्या पावसानं झाल्या, मी एका दिवसात होईन. आणि पोराला किती दिवस अंधारात ठेवू? मी येईन. माझ्याबरोबर इथल्या मळकट तेवढ्या सगळ्या येतील. पण एक आहे."

"सांग."

"तू खोटी म्हणालास, ते राहू दे, तू 'बहुधा' तरी म्हणालास. ती म्हणाली, ना आई ना बाप. तिनं ते परत घ्यावं. माझ्यासमोर."

सिदोजीने ढेकूळ उपरण्यात गुंडाळले आणि मांडवाखाली नेले. चिमाक्का कमरेपर्यंत गारेची झाली होती. सांगितले ते तिने ऐकून घेतले.

"दगडाची माफी मागू?" ती म्हणाली. "मी?"

"अगं, ती दगड आहे हे खरं, पण..."

"केरसुणी जरा जोरात बसली, एवढं मी म्हणते. बस."

"ही माफी नव्हे," उपरण्यातून आवाज आला.

"बघा, उलट बोलते."

त्या दिवशी काही झाले नाही. राजा स्वतः येऊन समजावून गेला. चिमाक्का म्हणाली, "महाराज, प्रथा तुमच्या आजोबांची, माफी तुम्हीच का नाही मागत?" राजा खोकला आणि वाड्यावर गेला.

पाचव्या दिवशी सकाळी गार तिच्या छातीपर्यंत आली. श्वास जड झाला होता. सिदोजी तिच्यासमोर जमिनीवर बसला होता, मांडीवर ढेकूळ. शेवटी ढेकूळच म्हणाले, "बाई, मला आई होती. कढत पाणी. आम्हाला वर आणून ती वाफ होऊन गेली. एवढंच मला ठाऊक आहे. त्यावर लोक हसले."

चिमाक्काचा चेहरा बदलला.

"माझ्या लग्नात," ती हळू म्हणाली, "आईनं मला एक पुतळी दिली होती. गळ्यातली, सोन्याची. तिच्याकडे तेवढंच होतं. मांडवात वऱ्हाडासमोर सगळे दागिने कसोटीवर घासायची पद्धत होती. पुतळीची रेघ तांबडी आली. घासणारा म्हणाला, खोटी. सगळे हसले. आईला तरी कुठं ठाऊक होतं. ती मान खाली घालून बसली. पुढं कधी आमच्या दारात जेवली नाही."

"घासणारा कोण होता?" ढेकळाने विचारले.

चिमाक्काने नवऱ्याकडे पाहिले. सिदोजी म्हणाला, "मी होतो. नवरदेव होतो आणि नवा पारखी होतो. मला माझी विद्या दाखवायची होती." तो मांडीवरच्या ढेकळाचा चिखल पुसू लागला. "त्या दिवसापासून मी सगळं तीनदा घासतो. आणि तोंडातून ठाम शब्द निघत नाही."

"तीनदा घासता ते चाळीस वर्षं बघते आहे," चिमाक्का म्हणाली. "का, ते आज कळलं. सांगायला एवढा उशीर?"

"आधी सांगायला पाहिजे होतं. बहुधा..."

"बहुधा नाही. नक्की."

"नक्की," सिदोजी म्हणाला.

चिमाक्काने ढेकळाकडे पाहिले. वाकता येत नव्हते, म्हणून डोळे वाकवले. "बाई, तुझी आई होती. मी नाही म्हणाले ते परत घेते. माझ्या आईवर हसले ते मला अजून सलतं, आणि मी तेच तुला केलं. माझी चूक झाली."

"बरं," सोनमाखी म्हणाली. "आता पेटवा. तुझे हात मोकळे आहेत तोवर एकदा माझा कोपरा चोळ."

चिमाक्काने कोपरा चोळला. संध्याकाळी तिचे खांदे गेले, हातही गेले.

सहाव्या दिवशी मळकट ढेकळांच्या सात टोपल्या खड्ड्यातून वर आल्या. आधी उखळ आले. सिदोजीने आयुष्यात मुसळ धरले नव्हते. दुपारपर्यंत त्याच्या तळहाताला फोड आले. पण गार हातोडीला वाट देते हे खरे ठरले. तिने कुरकुर न करता बारीक व्हायचे कबूल केले, आणि सोनमाखी मोकळी झाली. मग तो चुरा लोखंडी कढयांत घालून भट्टीवर ठेवला. आधी निळी ज्योत निघाली. मग गंधकाचा असा वास सुटला की अख्खे नगर शिंकू लागले. राजा शेल्याचे टोक नाकाला लावून बुरुजावर गेला. धिंडीतली गाढवे दोरी तोडून शेजारच्या राज्यात गेली.

"अहो," मांडवातून चिमाक्का ओरडली. गार हनुवटीखाली होती. "ढवळत राहा, खाली लागेल."

"हे पिठलं नव्हे."

"लागायचं ते काहीही लागतं."

ते खरे होते. जिथे ढवळले नाही तिथे चुरा काळाच राहिला. सिदोजी ढवळत राहिला. संध्याकाळी वास थांबला, आणि कढयांत पिवळा कण उरला नाही. सगळा चुरा तांबडा झाला होता, शेंदूरमाथ्याच्या मातीसारखा.

सातव्या दिवशी सकाळी तांबडा चुरा ओढ्यावर आणला. काठवट सिदोजीच्या हातात होती, पण ती फिरवायची कशी हे सातही पोथ्यांत लिहिलेले नव्हते. ओढ्याकाठी कोंडाई राहत असे. तिच्या घराण्यात सोने धुण्याचेच काम होते, पणजीपासून. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पारखीबुवा, काय चाळण करताय का?"

"कोंडाई, वेळ थोडा आहे. मीच धुवायला हवं, अशी अट आहे. तू फक्त सांग."

"आधी बुडवा. आता हलवा, पण मनगटानं, खांद्यानं नव्हे. जड आहे ते खाली बसू द्या. तुम्ही सगळंच वर काढायला बघताय. थांबा. पाणी ओढू नका, सोडा. पाण्यालाच नेऊ द्या."

पहिली काठवट सगळीच्या सगळी ओढ्यात गेली. कोंडाईने कपाळावर हात मारला. दुसरी अर्धी गेली. तिसरीत तांबडी माती आधी निघाली, मग गारेची पांढरी वाळू. कोंडाईने खाली एक खळगा केला होता, त्यात दोन्ही साठत होत्या. "फुकट घालवायचं नाही काही," ती म्हणाली. काठवटीच्या तळाशी काळसर रेघ राहिली. कोंडाईने सांगितले तसे सिदोजीने ओंजळभर पाणी हळूच सोडले, रेघ सरकली, आणि तिच्या मागे पिवळे दिसले.

चकाकत नव्हते. मऊ, गप्प पिवळे होते.

सात टोपल्या धुवून झाल्या तेव्हा काठवटीत मोहरीच्या चिमूटभर दाण्यांएवढे सोने होते. सूर्य माथ्यावर यायला हात दोन हात उरले होते. सिदोजी धावला. साठी उलटलेला माणूस जसा धावतो तसा धावला, म्हणजे कोंडाई चालत त्याच्याबरोबर होती.

मांडवाखाली सगळे नगर जमले होते. गार चिमाक्काच्या खालच्या ओठाला भिडली होती. तिने त्याला येताना पाहिले आणि घाईघाईने म्हणाली, "अहो, आज एकदाच घासा." आणि ओठ गारेचे झाले. फक्त नाक, डोळे आणि कपाळ उरले, आणि सूर्य अजून माथ्यावर आला नव्हता, एवढेच.

जोगीण खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिने तळहात पुढे केला. सिदोजीने त्यावर सोने ठेवले.

"पारख्या, हे काय आहे?"

सिदोजीने कसोटीचा दगड काढला. एक कण घेतला. त्याने एक रेघ ओढली.

रेघ पिवळी होती.

त्याची सवय त्याला म्हणाली, पुन्हा घास. चिमाक्काचे डोळे त्याच्याकडे पाहत होते. मांडवाच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी येऊन आक्रसत होती.

"सोनं," सिदोजी म्हणाला. आवाज पहिल्यांदाच स्वच्छ निघाला. "आम्ही फेकलेलं. ती खोटी नव्हती. तिनं ते सांभाळलं होतं, आणि मला दिसलं नाही."

जोगिणीने मूठ मिटली.

चिमाक्काच्या अंगावरची गार वरपासून खालपर्यंत तडकली, खडीसाखरेसारखी कुरकुरली आणि गळून पडली. पायांत थोडी अडकली, ती तिने झटकली. सगळे नगर तिच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होते.

"पाणी द्या," ती म्हणाली. तांब्याभर पाणी प्यायल्यावर म्हणाली, "आता महाराज कुठं आहेत?"

महाराज पुढे आले. बोलणे फार झाले नाही. जे झाले ते राजाने मान खाली घालून ऐकले, आणि त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली: धिंड बंद, खड्डा रिकामा करायचा, आणि खाणीतली प्रत्येक सोनमाखी जाळण्याआधी तिला विचारायचे. ज्या रिकाम्या होत्या त्यांना डोंगराच्या उन्हात मानाने ठेवले. त्यांना नटायला तेवढे पुरे होते. शेंदूरमाथ्यावरून गारेचे पुतळे माणसे होऊन खाली आले. व्यापारी भाव विचारत आला, शिपाई पगार विचारत आले, आणि शास्त्री आल्या आल्या म्हणाला की त्याचे उत्तर एका अर्थाने बरोबरच होते. त्याला जेवायला वाढले, तेव्हा तो थांबला.

दुसऱ्या दिवशी उजाडता चिमाक्का कोंडाईच्या खळग्याकडे गेली. दोन सुपे भरून आणली: एकात तांबडी माती, एकात पांढरी वाळू. मातीत पाणी कालवून तिने अंगण आणि उंबरठ्यापुढची जागा सारवली. गेरूसारखी तांबडीलाल जमीन झाली. वाळू उखळात पिठासारखी केली आणि त्या जमिनीवर चिमटीने रांगोळी घातली: ठिपके, मग रेघा, मग कमळ. कोणी शिकवले नव्हते, पण तिला वाटले की थोरली बहीण वर आणि धाकटी खाली, असे बरे दिसेल.

सिदोजी दारात उभा राहून पाहत होता. पाय कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

फाटकाशी गारजोगीण आली. तिने मूठ उघडली. तिच्यात एकच कण होता. "बाकीचं डोंगराला परत दिलं," ती म्हणाली. "हे तुमच्याकडे राहू दे. दोघी बहिणी इथं आहेत, तर तिसरं एकटं का ठेवायचं?"

चिमाक्काने कण घेतला आणि कमळाच्या मधोमध ठेवला. मग तिने पाहिले, जोगीण फाटकाबाहेरच थबकली होती. अंगणभर तिच्या डोंगराच्या लेकी पसरल्या होत्या, आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून डोंगराची राखणदारीण संकोचून उभी होती.

"कडेनं या," चिमाक्का म्हणाली. "तुमच्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. पोळ्या तव्यावर आहेत."